गळती वजा जाता

श्रावण लागला की कारखान्यात मी सगळ्यांना नकोशी होते. भोसरीच्या आमच्या कारखान्यात वीज साठवणारे कपॅसिटर बनतात आणि ते बाहेर पडण्याआधी तपासायचं काम माझ्या विभागाकडे आहे. एरवी मी तशी बरी बाई समजली जाते. पण हवेत ओल धरली, कपाटांची दारं फुगून लागेनाशी झाली, कागद हाताला मऊ लागायला लागले, की माझं एकच पालुपद सुरू होतं. आधी वाळवा, मग मोजा. नव्याने लागलेली मुलं एकमेकांकडे बघतात. "मॅडमचा श्रावण सुरू झाला," असं एकजण दुसऱ्याला हळूच सांगताना मी ऐकलं आहे. त्याचं काही चुकलं नाही. फक्त तो श्रावण इथला नव्हे, आणि आत्ताचाही नव्हे.

त्या वर्षी जगभरच्या संगणकांना शतक बदलण्याची धास्ती बसली होती आणि त्या धास्तीवर पुण्यातल्या पोरापोरींची आयुष्यं मार्गी लागत होती. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानांच्या डोक्यावर संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. काल गणितात नापास झालेला शेजारचा मुलगा आज अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला रांग लावून यायचा. हिंजवडीला अजून शेतं होती, पण तिथे काहीतरी येतंय असं जो तो ज्याला त्याला सांगत होता. आणि या सगळ्या धावपळीत मी, नारायण पेठेतल्या एका बँक कारकुनाची मुलगी, शहराच्या उत्तरेला झाडीत लपलेल्या एका छोट्या संशोधन संस्थेत बसून पांढरट पिवळी पूड खलत होते. घरी येणारे-जाणारे विचारायचे, "हिचं संपणार कधी?" आई म्हणायची, "काहीतरी मोजते ती." ते 'काहीतरी' आईच्या तोंडून ऐकायला मला आवडायचं. त्यात थोडा अभिमान असायचा.

संस्थेत आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. दुसरी लता. ती यवतमाळकडची, वसतिगृहात राहणारी. उंच, सावळी, चालताना हात जोरात हलवणारी. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "तू इतकं हळू काऊन बोलतेस? कोणी झोपलं आहे का?" मी नारायण पेठेत वाढले, तिथे दुपारी सगळेच झोपलेले असतात, असं मी म्हटल्यावर ती इतकी हसली की बाहेरून शिपाई डोकावून गेला. त्यानंतर आम्ही वेगळ्या अशा कधी दिसलोच नाही. ती मला वैजू म्हणायची. घरीही मला कुणी वैजू म्हणत नसे.

आणि सर. सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि ज्यांना ते सांगायला हवं होतं त्यांना माझं तेव्हाच सांगून झालं आहे. सर पेठेतलेच. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, बोलणं कमी आणि तिरकं. कुणी धावतपळत निकाल घेऊन आलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "एकदा आलं ते उत्तर नसतं, ती बातमी असते. जा, परत विचारून ये." माझे बाबा आजारी पडून दवाखान्यात होते तेव्हा सर रोज संध्याकाळी यायचे. बाबांना चष्मा लावूनही वाचवत नसे म्हणून खुर्ची ओढून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अग्रलेखावर स्वतःची शेरेबाजी करत. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "असा माणूस गुरू म्हणून मिळाला, तू नशीबवान." मला ते सांगायची गरज नव्हती. मी सरांवर बाबांइतकाच विश्वास ठेवत होते. कदाचित थोडा जास्त, कारण बाबांच्या चुका मला माहीत होत्या.

आमचं काम समजायला अवघड नाही. काही पदार्थ असे असतात की त्यांना विजेचा जोर लावला तर त्यांच्या आतले सगळे कण जणू एका बाजूला तोंड करून उभे राहतात, आणि जोर काढून घेतला तरी तसेच राहतात. उलट जोर लावला की उलटे फिरतात. त्यांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. पूड खलायची, दाबून तिची बारीक गोळी करायची, भट्टीत भाजायची, दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावायचा आणि यंत्राला जोडायची. यंत्र पडद्यावर एक बंद वळसा काढून दाखवतं. आम्ही त्याला लूप म्हणत असू. लूप जितका भरदार, तितकं त्या पदार्थाने जास्त धरून ठेवलं असं मानायचं. आमचा पदार्थ नवीन होता. उन्हाळ्यात त्याचा लूप शेवग्याच्या शेंगेसारखा सडपातळ यायचा.

आषाढात तो अचानक भरला.

मी एकटीच होते तेव्हा. बाहेर पाऊस एकसुरी पडत होता, खिडकीच्या चौकटीतून पाणी पाझरून ओट्यावर आलं होतं. पडद्यावर हिरव्या रेषेने तो फुगीर वळसा काढला आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. सर आले, त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या देशात हे कुणी पाहिलेलं नाही, वैजयंती." 'आपल्या देशात' हे शब्द त्यांनी फार हळू उच्चारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. सर आणि पेढे, ही संस्थेत नंतर कितीतरी दिवस बोलायची गोष्ट झाली होती.

त्या दिवसांचं मला जे आठवतं ते सगळं वासांनी आठवतं. चांदीच्या लेपाचा गोडसर, डोकं जड करणारा वास. भट्टीच्या उबेवर लताने वाळत टाकलेल्या ओढण्यांचा वास. वसतिगृहात त्यांची ओल आठवडाभर जायची नाही, म्हणून ती त्या इथे आणायची. सर येताना दिसले की आम्ही दोघी ओढण्या खेचून कपाटात कोंबायचो. संध्याकाळी पाऊस थांबला तर मंडईपर्यंत जायचो. श्रावणात मंडईच्या बाहेर पत्री विकायला बसलेल्या बायकांच्या टोपल्यांमधून जो हिरवा, ओला, किंचित कडवट वास येतो तो लताला फार आवडायचा. "आमच्याकडे हे सगळं परसात असते. तुम्ही विकत घेऊन राहिले," असं म्हणत ती जुडी नाकाशी धरायची आणि न घेताच परत ठेवायची. ती बाई रागावायची. मग मला लाजेखातर एक जुडी घ्यावी लागायची.

शंका आधी लताला आली. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिचा उपास होता. माझ्या टेबलापाशी उभं राहून केळं सोलता सोलता ती म्हणाली, "वैजू, हा लूप पाऊस पडला की फुगते. काल दुपारी ऊन होतं तर उतरला होता."

मी म्हटलं, "योगायोग."

"सर काय म्हणतात? परत विचारून ये," ती म्हणाली आणि सरांसारखं चष्म्यावरून बघितलं. तिला चष्मा नव्हता.

आम्ही परत विचारलं. गोळी ओव्हनमध्ये ठेवली, वाळवली, काचेच्या बंद भांड्यात ओल शोषणाऱ्या खड्यांबरोबर गार केली आणि चटकन मोजली. लूप सडपातळ. तीच गोळी उघड्यावर ठेवली, खिडकीतून येणाऱ्या त्या दमट हवेत. थोड्या वेळाने लूप पुन्हा फुगला. ते भांड्यातले निळे खडे ओल पिऊन गुलाबी होत जायचे आणि आम्ही पुढची गोळी वाळवायला ठेवायचो.

झालं होतं ते असं. आमची गोळी सच्छिद्र होती. दमट हवेत ती ओल धरायची आणि तिच्यातून वीज झिरपायची. यंत्राला बिचाऱ्याला एवढंच कळतं की इतकी वीज आत गेली. त्यातली किती आत धरून ठेवली गेली आणि किती दुसऱ्या बाजूने गळून गेली, ते त्याला सांगता येत नाही. गळालेलंही ते धरलेल्यातच धरतं. आमचा भरदार लूप बराचसा गळतीचा होता.

मग ती गळती वजा कशी करायची याच्या मागे आम्ही लागलो. तो श्रावण माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. आम्ही दोन रीतींनी ते केलं. पहिली रीत लताच्या शब्दांत सांगते, कारण मला तिच्याइतकं सोपं सांगता आलेलं नाही. "एक धक्का दे. कण फिरतील आणि गळतीबी होईल. मग त्याच बाजूने तोच धक्का परत दे. आता कण फिरणार नाही, ते फिरलेच आहेत. फक्त गळती होईल. पहिल्यातून दुसरं काढलं का उरलं ते खरं." दुसरी रीत आकडेमोडीची. गोळीतून स्थिर विजेला किती अडथळा होतो तो आकडा आधी मोजायचा, तो संगणकाला द्यायचा, आणि संगणकाने सबंध लूपमधून तेवढी गळती वजा करून खरा लूप काढायचा. लता संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जात होती. तो प्रोग्रॅम तिने लिहिला. तो पहिल्यांदा नीट चालला तेव्हा तिने माझे दोन्ही गाल ओढले होते.

दोन्ही रीतींचं उत्तर जुळलं. खरा लूप उन्हाळ्यातल्यासारखाच होता, बारीक. पेढे वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण उत्तर खरं होतं आणि ते आमच्या हातांनी काढलेलं होतं. मला वाटलं, हे सरांना त्या फुगलेल्या लूपपेक्षा जास्त आवडेल.

आम्ही दोघी मिळून सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नेमके प्रश्न विचारले. ओव्हन किती तापवला, वाळवल्यावर किती वेळात मोजलं, दुसऱ्या गोळ्यांवर करून पाहिलं का. "बरं झालं वेळेत कळलं," ते म्हणाले. "गणपतीनंतरची परिषद आपल्याकडेच आहे. तिथे आपण दुरुस्त केलेलंच दाखवू." केबिनच्या बाहेर आल्यावर लताने माझा हात घट्ट दाबला. 'बरं झालं वेळेत कळलं' हे वाक्य मी घरी नेऊन आईलाही सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नसणार, पण तिने त्या दिवशी शिरा केला.

पुढे गणपती आले. गौरींसाठी मी घरी राहिले. लता यवतमाळला गेली नाही. तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता आणि एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला बोलावलं होतं. सरांनी सही केली की ती मोकळी होणार होती. "मले इथून निघायचं आहे, वैजू," असं ती तेव्हा वारंवार म्हणायची. मला ते ऐकून वाईट वाटायचं, पण त्यात काही वावगं नव्हतं. सगळं शहरच निघालं होतं.

परिषद गणपतीनंतर भरली. संस्थेच्या सभागृहात ओल्या छत्र्यांचा ढीग दाराशी पडला होता आणि जाजमाला कुबट वास येत होता. बाहेरगावचे पाहुणे, मोठे प्राध्यापक, चहाचे कप. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. लता मागे दाराजवळ उभी होती. मी तिला जागा धरली होती, पण ती मानेनेच नको म्हणाली. सर बोलायला उठले. नेहमीसारखंच छान बोलले, थोडं हसवत. मग त्यांनी पारदर्शक कागद प्रोजेक्टरवर ठेवला आणि भिंतीवर लूप उमटला.

भरदार. अगदी आषाढातल्याइतका नाही, पण भरदार. आणि खाली लिहिलं होतं, 'गळती वजा केल्यानंतर'.

क्षणभर मला वाटलं की कागद चुकला. मग मी नीट पाहिलं. गळतीच्या लूपची टोकं केळ्यासारखी गोल असतात, खऱ्याची अणकुचीदार. भिंतीवरच्या लूपची टोकं बरीच सुधारलेली होती, पण किंचित गोल होती. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मी महिनाभर दुसरं काही पाहिलंच नव्हतं. गळती वजा केली होती, पण थोडीशीच. चित्र देखणं होईल इतकीच. आणि ते फक्त एकाच रीतीने होऊ शकत होतं, लताच्या प्रोग्रॅमला अडथळ्याचा खोटा आकडा देऊन. ओल्या गोळीच्या मापातून वाळक्या गोळीची गळती वजा करून. ज्या गोष्टीने आम्ही चूक पकडली होती तीच वापरून त्यांनी चूक नीटनेटकी केली होती. नुसता फुगलेला लूप दाखवला असता तर निदान कुणी शंका तरी काढली असती. आता शंकेची सोयही संपली होती.

खाली तीन नावं होती. पहिलं माझं.

मी उभी राहिले. मी विचारलं, "सर, हे दोन धक्क्यांच्या रीतीने पडताळून पाहिलं आहे का? गोळी वाळवून?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते मला 'तू' म्हणत आले होते. म्हणाले, "आपला प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे काही मंडळींचा मोजण्यापेक्षा वाळवण्यावर भर असतो. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, हे मला मान्य आहे."

सभागृह हसलं. मनापासून हसलं. मोठे मोठे लोक, ज्यांची पुस्तकं मी वाचली होती, ते चहाच्या आधीचं शेवटचं भाषण हसण्यावर संपलं म्हणून खूश होऊन उठले. मी उभीच होते. मागे वळले तेव्हा दाराशी लता नव्हती.

ती मला वसतिगृहाच्या व्हरांड्यात सापडली. दोरीवर ओले कपडे, त्यांच्याखाली पाण्याचे थेंब, आणि ती कठड्याला टेकून उभी.

"आकडा कुणी टाकला?" मी विचारलं.

"सरांनी दिला. मी टाकला."

"खोटा आहे हे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक तर होतंच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मी त्याची वाट बघत होते. "तुला सांगितलं असतं तर तू टाकू दिला असता का?" ती म्हणाली. "त्यांनी सही करायला किती दिवस लावले असते? तुझं घर इथे आहे, वैजू. तुला थांबायला जमते. मला नाही जमत."

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. म्हणूनच ते इतकं लागलं. तिने अडचण सांगितली असती तर मी कदाचित रडले असते, भांडले असते, काहीतरी मार्ग काढला असता. तिने मला मार्ग काढायच्या लायकीचं समजलंच नाही. माझ्या पाठीमागे, गौरींसाठी मी घरी पुरण वाटत असताना, आमच्याच टेबलावर बसून, माझ्याच खुर्चीत बहुधा, तिने तो आकडा टाकला.

सरांच्या केबिनमध्ये मी नंतर एकदाच गेले. माझं नाव काढा, एवढंच मी म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "काढतो. पण मग इतक्या वर्षांचं तुमच्याजवळ काय उरेल, याचा विचार करा." आता ते कायमचे 'तुम्ही'वर आले होते. मी विचार केला होता. काहीच उरणार नव्हतं. दुसरा विषय, दुसरे मार्गदर्शक, पुन्हा पहिल्यापासून. आणि सरांच्या विरोधात गेलेल्या मुलीला घ्यायला संस्थेत कुणी पुढे येईना. संस्थेच्या वरिष्ठांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले की तरुणपणी माणूस भावनेच्या भरात बोलतो.

माझं नाव निघालं. सरांचं आणि लताचं राहिलं. त्या लूपवरचा संशोधनाचा पेपर छापून आला, त्याचं नाव झालं. लताच्या प्रबंधावर वेळेत सही झाली. मी भोसरीला नोकरी धरली. बाबांना मी खरं कारण सांगितलं नाही. दवाखान्यात त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारा माणूस त्यांच्याकडून काढून घ्यावा असं मला वाटेना. ते अखेरपर्यंत सरांची चौकशी करत राहिले.

एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी घडली. नोकरीला तीन वर्षं झाल्यावर काही जुने कागद आणायला मी संस्थेत गेले होते, तेव्हा उपाहारगृहात एक मुलगी एकटीच बसलेली दिसली. कोल्हापूरहून सरांना भेटायला आली होती. तोच पदार्थ ती करत होती आणि तिला तसा लूप काही केल्या येत नव्हता. गोळ्या भाजून भाजून बोटांची सालं गेली होती. सर तिला म्हणाले होते, "हाताला वळण लागावं लागतं." तिला माझं नाव माहीत नव्हतं, मी इथे काम केलं होतं एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. तिने विचारलं, "ताई, माझं कुठं चुकतंय?"

मी म्हटलं, "तुझं चुकत नाही आहे." आणि तिथेच, चहाचे डाग पडलेल्या टेबलावर बोटाने पाण्याच्या रेघा काढत मी तिला दोन धक्क्यांची रीत समजावली. ती ऐकता ऐकता रडायला लागली. दोन वर्षं ती स्वतःच्या हातांना दोष देत होती. पुढे तिने तिच्या मार्गदर्शकांबरोबर एक लहानसा पेपर लिहिला. या पदार्थात फारसं काही नाही, असं त्यात साधेपणाने म्हटलं होतं. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. सरांना एका सभेत कुणी त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "ही शंका आम्हालाच सगळ्यात आधी आली होती." ऐकून मी हसले. ते खरंच होतं. तेवढं एक ते खरं बोलले.

सर गेले तेव्हा शोकसभेला मी गेले नाही. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता, तो मात्र मी बराच वेळ बघत बसले. राग शोधत होते. सापडलं ते असं की एवढ्या वर्षांत मला सरांचा राग हळूहळू कमी येत गेला होता. सर मोठे होते, त्यांना आणखी मोठं व्हायचं होतं, हे समजण्यासारखं आहे. राग शिल्लक होता तो सगळा लताचा होता. माणूस मोठ्यांकडून फसला तर शहाणा होतो. बरोबरीच्या माणसाकडून फसला की पुढे कुणाशीही तितकं जोरात हसत नाही. माझ्या लग्नात, संसारात, कारखान्यात मला चांगली माणसं भेटली. पण कुणी माझे गाल ओढायला हात पुढे केला की मी किंचित मागे सरते. नवऱ्याच्या ते लवकर लक्षात आलं. त्याने कारण कधी विचारलं नाही.

या श्रावणात लता आली.

अमेरिकेतून कंपनीच्या कामासाठी हिंजवडीला आली होती. कुणाकडून तरी तिने माझा नंबर मिळवला आणि रविवारी सकाळी येते म्हणाली. आम्ही आता कात्रजला राहतो. ती शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येईपर्यंत पोहे निवले, मी ते पुन्हा गरम केले. नवऱ्याला मी मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. मनात वाक्यं तयार होती, कितीतरी वर्षं तयार होती. ती माफी मागेल, मग मी आधी काही बोलणार नाही, थोडा वेळ तिला तसंच बसू देईन, आणि मग. त्या 'मग'च्या पुढचं मी दर पावसाळ्यात बदलत आले होते.

दारात तिने मला मिठी मारली. केस आखूड, अंगाने भरलेली, हात तसेच जोरात हलणारे. बोलणं मात्र बदललेलं, निम्मं इंग्रजीत, यवतमाळ त्यातून पार धुऊन निघालेलं. घर पाहिलं, गॅलरीतून डोंगर पाहिला, मुलांचं विचारलं. पोहे खाताना म्हणाली, "वैजू, आय टेल यू, तो पावसाळा मी कधी विसरले नाही. ते ओढण्या वाळवणं. माझ्या मुलीला मी नेहमी सांगते, मला एक मैत्रीण होती पुण्यात. बेस्ट डेज, यार." मग थोडं थांबून, कपाळाला आठ्या घालत, "शेवटी आपलं कशावरून तरी वाजलं होतं, ना? कशावरून ग?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती नाटक करत नव्हती. मी नाटक ओळखते. तिला खरंच आठवत नव्हतं.

मी सांगितलं. आवाज न चढवता, पहिल्यापासून. तिने बशी खाली ठेवून ऐकलं, मधे मधे मान हलवत, जशी आपण दुसऱ्याच्या नात्यातली कटकट ऐकतो. संपल्यावर म्हणाली, "हो, काहीतरी होतं खरं. सरांनी प्रेशर टाकलं होतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण वैजू, नुसता एक आकडा होता तो. कोणी मेलं का त्याने? आणि बघ ना, तुझं सगळं छानच झालं."

कुणी मेलं नव्हतं. माझं सगळं छानही झालं होतं. कोल्हापूरच्या मुलीच्या बोटांबद्दल सांगावंसं वाटलं, पण ते मला सांगायचं होतं ते नव्हतंच. मला सांगायचं होतं की इतकी वर्षं मी ज्या लताशी भांडत आले, समजूत घालत आले, कधी कधी माफही करत आले, ती कुठे नव्हतीच. तो आकडा टाकून ती उठली आणि पुढे निघून गेली. त्या व्हरांड्यात, ओल्या कपड्यांखाली, मी एकटीच उभी राहिले होते. तिने मला फसवलं होतं, इथवर मी पोचले होते. पण ते लक्षात ठेवण्याचं कामही तिने माझ्या एकटीवर टाकलं असेल, हे मला माहीत नव्हतं.

मी तिला आणखी थोडे पोहे वाढले. ती आवडीने खात होती.

निघताना लिफ्टच्या दारात तिने पुन्हा मिठी मारली. "पुढच्या वेळी नुसती धावती भेट नाही. दोन दिवस राहायलाच येते तुझ्याकडे. खूप बोलू."

"ये," मी म्हटलं, "नक्की ये."

लिफ्ट खाली गेली. बाहेर पाऊस लागला होता, जिन्याच्या खिडकीतून तिच्या गाडीचे लाल दिवे चढावरून उतरत दिसेनासे झाले. मी आत येऊन बशा उचलल्या. लताशी मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले होते.